डोंगराची बोली आणि नदीकडचा नवरा

गंगापूर रोड, नाशिक
मंगळवार, १६ सप्टेंबर २००३

चि. सौ. शुभांगी हिला ताईचे आशीर्वाद.

मला हे पत्र लिहायला भाग पडलं त्याचं कारण सरळ सांगते. शिकायला म्हणून तू माझ्याकडे ठेवलेल्या कुंदनने घरात एक खेळ आणला, त्या खेळात तुझ्या भाऊजींनी मुलूख, भाषा आणि बाजू तिन्ही बदलल्या, आणि आता माझ्या लग्नाची बोलणी मला एकटीला करावी लागत आहेत. (होय, माझ्याच. पुढे येईल.) तेव्हा हे पत्र एकदा सावकाश वाच आणि वाचून झालं की तुझ्या मुलाला घेऊन जायची तयारी कर.

तुझी कंबर आता कशी आहे? पट्टा लावतेस की कपाटात ठेवलास? लासलगावात कांद्याचे भाव चढले असं वर्तमानपत्रात आलंय, म्हणजे तुझ्या यजमानांची तब्येत बरी असणार. उतरले असते तर वेगळं विचारलं असतं. माझे गुडघे ठीक आहेत. रक्तदाब गेल्या महिन्यापर्यंत ठीक होता. त्याचं पुढे काय झालं ते या पत्रावरून तुझं तुला कळेल.

खेळ असा आहे. चारपाच जण जेवणाच्या टेबलाभोवती बसतात. कुंदन सूत्रधार. तो एक जग सांगतो, त्यात राजे, जंगलं, राक्षस, जादूटोणा असं सगळं असतं. बाकीचे त्या जगातलं एकेक माणूस होतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, त्यामुळे उठायचं कधी हेही कोणाला कळत नाही. कुंदनच्या कॉम्प्युटरच्या क्लासमधल्या फरहानने एका परदेशी पुस्तकाची झेरॉक्स कुठूनशी मिळवली, तिथून हे सुरू झालं. फरहान आणि त्याची बहीण रिदा दर रविवारी दुपारी येतात. (रिदा फार्मसीला आहे. मुलगी हुशार, चपला ओळीत काढून ठेवते. फरहान तिच्या चपलांवर स्वतःचे बूट काढतो.) सिंहस्थाच्या गर्दीत रस्ते बंद, त्यात वीज जायची, मुलं डोळ्यांसमोर आहेत आणि टीव्ही बघत नाहीत, एवढ्यावर मी परवानगी दिली. इथवर चूक माझी नाही.

मी स्वयंपाकघरात होते. कान अर्थातच बाहेर होते. कुंदन त्या पुस्तकातून भाषांची माहिती वाचून दाखवत होता. राक्षसांची भाषा वेगळी, पऱ्यांची वेगळी, खाणीत राहणाऱ्या बुटक्यांची वेगळी, सरपटणाऱ्या अजस्र प्राण्यांची तर जुनी एक आणि नवी एक. आणि माणसांची? माणसांची एकच. तिचं नाव ‘सामान्य भाषा’. समुद्रापासून वाळवंटापर्यंत सगळी माणसं म्हणे तीच बोलतात, सगळ्यांच्या चालीरीतीही सारख्याच. मी गॅस बंद केला आणि बाहेर गेले. त्यांना विचारलं की बाबांनो, पेठ-सुरगाण्यापासून मालेगावपर्यंत एकाच जिल्ह्यात नुसतं ‘आहे’ म्हणायच्या चार तऱ्हा आहेत, एका तालुक्यातल्या लग्नात जे वाढतात ते शेजारच्या तालुक्यात तेराव्याला वाढतात, आणि तुमच्या अख्ख्या पृथ्वीवर माणूस तेवढा एकसारखा? राक्षसाला भाषा आहे आणि माणसाला नाही? मग तुझा मुलगा म्हणाला, “मग तूच कर ना, मावशी.”

शुभे, तुला माहीत आहे, मी पुण्याला भाषाशास्त्र घेऊन एम.ए. केलं ते सहासष्ट साली. वर्गात दुसरी आले होते. त्यानंतर त्या अभ्यासाचा उपयोग नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांतल्या चुका काढण्यापलीकडे कधी झाला नाही, आणि त्याबद्दलही कोणी आभार मानले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी मला भाषा मागत होतं. मी तेवढ्याने फुगले असं म्हणणार नाही. पण त्या आठवड्यात दोनदा दूध उतू गेलं हे खरं.

मी डोंगरात राहणारे लोक केले. नाव दुरांग. शिस्तीचे लोक. जेवताना बोलत नाहीत. ज्या दिवशी प्रश्न विचारला त्या दिवशी उत्तर देत नाहीत, विचार करून दुसऱ्या दिवशी देतात. घर, शेत, गुरं सगळं मुलीच्या नावावर. लग्नानंतर मुलगा मुलीच्या घरी राहायला येतो. (हे मी मुद्दाम केलं. तुला कारण सांगायला नको.) आणि भाषा अशी की प्रत्येक क्रियापदाला एक शेपूट लागतं, त्यावरून बोलणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिली की नुसती ऐकली ते समजतं. म्हणजे त्या भाषेत कोणाची चहाडी करायची सोय नाही. मला वाटलं होतं निदान एवढ्यासाठी तरी लोक ती शिकतील. मी स्वतः त्या डोंगराची प्रमुख झाले. वय तीस, अविवाहित, कारण कामं फार.

मुलांनी माना डोलावल्या. फरहान म्हणाला, “मावशी, एक नंबर, पण यात थापा मारता येत नाहीत.” रिदाने दहाबारा शब्द उतरवून घेतले. मग पुढच्या रविवारी वत्सलाबाई विरजण मागायला आल्या.

वत्सलाबाई म्हणजे आमच्या जिन्यावरचं समोरचं दार. निवृत्त मेट्रन, माहेर सटाण्याकडचं, मुलगा बंगलोरला, एकट्या राहतात. आवाज मोठा, केस अजून काळे (कसे, ते मी पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलेलं आहे). विरजणाची वाटी हातात घेऊन त्या उभ्याउभ्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, मला पण एक माणूस द्या. कुंदनने विचारलं, कुठले लोक. त्या म्हणाल्या, नदीवरचे. आणि तिथेच, हातातलं दही खाली न ठेवता, त्यांनी अख्खी एक जमात उभी केली. नाव ओलवे. ओले असतात म्हणून ओलवे. नावाचा एवढाच विचार. भाषेत शब्द पन्नाससाठ असतील, बाकी सगळे हातवारे. अर्धी भाषा तर सरळ त्यांच्या माहेरची अहिराणी, वाक्याच्या शेवटी ‘शे’ आहेच. ओलवे भेटले की आधी विचारतात “काय जेवलात?”, आणि उत्तर गाऊन द्यायचं असतं. गाऊन. वांग्याची भाजी आणि भाकरी खाल्ली हे गाऊन सांगायचं. मालकी दाखवणारा शब्दच त्यांच्यात नाही, होडी ज्याच्या हाताला लागेल त्याची. मी विचारलं, मग भांडण कसं करतात? वत्सलाबाई म्हणाल्या, “पोहायला जातात.”

सगळी पोरं हसली. अर्ध्या तासात फरहान ओलवा झाला. रिदा दोन रविवार माझ्याकडे टिकली, मग तीही भेटल्यावर गाऊ लागली. मी त्यांना काही बोलले नाही. प्रमुखाने प्रजेच्या मागे धावायचं नसतं. दुरांग लोक त्या जगात चाळीस हजार होते असं कुंदन सांगतो, पण दुरांगी भाषा बोलणारी एकटी मी उरले, आणि तीही पोळ्या लाटताना, पोळपाटाशी.

हे मी सहन केलं असतं. आता भाऊजींकडे येते.

तुझ्या भाऊजींचा घरातला शब्दसंग्रह तुला ठाऊक आहे. ‘हं’, ‘असेल’, आणि ‘वीज गेली’. मी पस्तीस वर्षं तेवढ्यावर संसार केला, तक्रार नाही. एका रविवारी रिदाची परीक्षा होती, एक जण कमी पडत होता, म्हणून कुंदनने त्यांना गॅलरीतून उठवून आणलं. मला वाटलं, घरचा माणूस डोंगरावर येईल. निदान विचारेल. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, चष्मा पुसला आणि सांगितलं की मी नदीवर होडी चालवतो. वय पंचवीस. (त्रेसष्ट पूर्ण आहेत, जिना चढताना कठड्याला धरतात.) आणि शुभे, तो माणूस बोलू लागला. होडी कशी वळते, वाळू कुठे साचते, पूर यायच्या आधी पाण्याला वास कसा येतो. कुठून येत होतं हे सगळं? सिन्नरला आम्ही पंधरा वर्षं काढली, त्यात मी त्यांना बादलीव्यतिरिक्त पाण्याजवळ पाहिलेलं नाही. वत्सलाबाई टाळ्या देत होत्या. शेवटी यांनी काय जेवले ते गाऊन सांगितलं. जेवण मी केलेलं होतं. गाणं ओलव्यांचं.

पुढच्या मंगळवारी मी कणीक मळत होते तर जिन्यातून आवाज आला. खालून वत्सलाबाई भाजी घेऊन वर येत होत्या, वरून हे दूध आणायला खाली निघाले होते. त्यांनी विचारलं, “काय जेवलात शे?” आणि यांनी उत्तर दिलं, पोहे, दोन ओळींत, चालीवर, ‘पोहे’ शब्दावर तान घेऊन. मी दाराआड कणकेच्या हातांनी उभी होते. पोह्यांत मीठ कमी होतं हेही त्यांनी गाण्यात घातलं. मला सांगितलं नव्हतं.

तू म्हणशील, ताई, हा मत्सर आहे. मत्सर नव्हे. एका परिश्रमपूर्वक तयार केलेल्या भाषेवर एका उथळ भाषेने केलेलं आक्रमण म्हणजे काय, याचा मला अनुभव येत होता. मी बी.ए.ला याच विषयावर निबंध लिहिला होता. तेव्हा कळलं नव्हतं की आक्रमण जिन्यावर होतं, आणि दूध आणायच्या वेळेला.

मग त्या जगात युद्ध आलं. उत्तरेकडून राखेचं सैन्य उतरलं. ते जिथून जातं तिथल्या लोकांना आपली भाषा आठवत नाही, माणसं नुसती एकमेकांकडे बघत राहतात. (ही कल्पना कुंदनची. मुलगा तसा मूर्ख नाही.) त्यांना अडवायचं तर डोंगराची खिंड आणि नदीच्या होड्या एका हाताखाली यायला हव्यात, म्हणजे दुरांग आणि ओलवे एक व्हायला हवेत. तह कसा करायचा यावर मुलं बोलत होती. मी अटींचा मसुदा सुचवला, कलमवार. वत्सलाबाई म्हणाल्या, कागदाने कुठे माणसं जोडली जातात का? सोयरीक करा. आमचा होडीवाला आहे, पंचवीस वर्षांचा, कामाचा, निर्व्यसनी. तुमच्यात लग्नाची कोण आहे? त्यांनी एकेकाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “प्रमुखच आहेत की लग्नाच्या.”

कुंदन पाणी पीत होता, त्याला ठसका लागला. तुझे भाऊजी नखं बघत बसले. मी म्हटलं, उत्तर उद्या देईन, आमच्यात तशी रीत आहे. वत्सलाबाई म्हणाल्या, पितृपक्ष चालू आहे, बोलणी आत्ताच करू नयेत खरं तर. मी म्हटलं, त्या जगाला दोन चंद्र आहेत, कोणत्या चंद्राचा पक्ष धरायचा ते आधी ठरवा. यावर त्या खुर्ची ओढून बसल्याच. फरहानने माझ्या वतीने सांगून टाकलं की त्या जगात एक रात्र उलटली, दुसरा दिवस उजाडला, मावशींचं उत्तर ‘बघू’ असं आहे.

आता बोलणी कशी झाली ते ऐक, कारण यात मला दोष द्यायला तू पुढे येशील. मी म्हटलं, मुलगा आमच्या घरी येणार, ही आमची रीत. वत्सलाबाई चटकन म्हणाल्या, कबूल, आमच्यात कोणी कोणाचा नसतोच. मला वाटलं जिंकले. लगेच त्या म्हणाल्या, पण मुलगा आमचा, म्हणजे वरपक्ष आम्ही. पाय धुवायला पाणी तुम्ही आणायचं, व्याह्यांना आहेर तुम्ही करायचे, आणि आमच्या बायका आल्या की पाटावर बसणार. मी म्हटलं, बाई, जरा विचार करा. आजवर मुलीकडचे का वाकले? कारण ते देत होते. देणारा वाकतो. इथे देताय तुम्ही, घेतोय आम्ही. मग वरपक्ष कोण? आम्ही. पाय आमचे धुवायचे.

मग त्या जे बोलल्या ते मला पटलं, आणि पटल्यामुळेच जास्त राग आला. म्हणाल्या, “सावित्रीबाई, माझ्या लग्नात माझे वडील मांडवात ताम्हण घेऊन उभे होते, वाकून वाकून पाठ धरली त्यांची. आता मी खेळातसुद्धा मुलीकडची होणार नाही.” मी त्यांना सांगितलं की आमच्या अण्णांनी माझ्या आणि शुभीच्या, दोन्ही लग्नांत तेच केलंय, आणि एका व्याह्यांना पाणी थंड लागलं म्हणून पुन्हा तापवून आणलंय. (तुझ्या सासऱ्यांना. मी विसरलेले नाही.) तेव्हा मीही होणार नाही. झालं. दोन्ही बाजू वरपक्ष. वधूपक्षाचं माणूस त्या अख्ख्या पृथ्वीवर शिल्लक नव्हतं.

पाय धुण्यावरून आम्ही जेवणावर आलो. मी सांगितलं, पंगतीत कोणी बोलणार नाही. वत्सलाबाई म्हणाल्या, “न बोलता जेवायचं म्हणजे लग्न की सुतक?” मी म्हटलं, गात जेवायचं म्हणजे लग्न की तमाशा? त्यांनी आमच्या मधाला नाव ठेवलं, मी त्यांच्या सुक्या मासळीला. इतक्यात कुंदनने फासा टाकला आणि हळूच म्हणाला, मावशी, पूर्वेकडची गावं गेली. मी म्हटलं, थांब. त्याने पुन्हा टाकला. रिदा म्हणाली, मेंढपाळ आपल्याच मुलांना हाक मारू शकत नाहीयेत. वत्सलाबाई तिला म्हणाल्या, “जरा गप बैस पोरी, आधी पाटाचं ठरू दे.” फरहानने डोकं टेबलावर टेकवलं आणि तसाच बोलला, “सैन्य दारात आलंय हो. पाय नंतर धुवा.”

तेव्हा मी माझं शेवटचं अस्त्र काढलं. आमच्यात, मी म्हटलं, बाहेरून येणाऱ्या मुलाला उंबऱ्याबाहेर उभं राहून घर वाचावं लागतं. आत जे दिसतं त्या सगळ्याचं नाव त्याने आमच्या भाषेत घ्यायचं, कोणी सांगायचं नाही. जमलं तर आत, नाही जमलं तर परत. ही रीत मी त्याच मिनिटाला केली असं वत्सलाबाईंचं म्हणणं आहे. रीत केव्हातरी कोणीतरी करतंच. मला माहीत होतं की नदीवरच्या एकालाही हे जमायचं नाही, आणि सोयरीक मोडली तर ती माझ्या अटीवर मोडेल, त्यांच्या नव्हे. वत्सलाबाई हसल्या. म्हणाल्या, “त्यांना कुठून येणार तुमची भाषा? कोणालाच येत नाही.”

शुभे, ते खरं होतं. चाळीस हजार लोकांची प्रमुख मी, माझ्या मागे कोणीही नव्हतं.

या सगळ्यात नवऱ्या मुलाला कोणी काही विचारलं नव्हतं. तुझे भाऊजी उठले, चप्पल घालून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. मला वाटलं रागावले. वत्सलाबाईंकडे जाऊन बसले की काय असंही वाटलं (त्यांचं दार उघडंच असतं). मग कडी वाजली. कुंदनने दार उघडलं. ते पायपुसण्याच्या पलीकडे हात जोडून उभे होते, आणि त्यांनी घर वाचायला सुरुवात केली.

दुरांगीत. दिवा. पाणी. मीठ. चूल. धान्याची कोठी म्हणून डब्यांच्या फळीकडे बोट केलं. प्रत्येकाला ‘मी स्वतः पाहिलं’चं शेपूट लावलेलं. उच्चार पोळपाटासारखे सपाट, पण शब्द माझे. फ्रिजला माझ्याकडे शब्द नाही, तिथे ते थोडे थांबले आणि ‘हिवाळ्याची पेटी’ म्हणाले. वीज गेलेली होती, टीव्हीला म्हणाले ‘मेलेली खिडकी’. कोणी हसलं नाही. मी मध्येच विचारलं, कुठे शिकलात? मला आधी हाच संशय आला की यातही वत्सलाबाईंचं काही असेल. त्यांनी उत्तर दुरांगीतच दिलं, ‘ऐकलं’चं शेपूट लावून. स्वयंपाकघर आणि गॅलरी यांच्यामध्ये भिंत पातळ आहे. पोळ्या लाटताना मी एकटी बोलत नव्हते एवढाच त्याचा अर्थ.

सगळं घर झालं. शेवटी त्यांची नजर माझ्यावर आली आणि ते अडले. मी भाषा केली तेव्हा मामेबहिणीच्या मुलीला वेगळा शब्द केला, दुभत्या शेळीला आणि भाकड शेळीला वेगवेगळे केले, पण बायकोला शब्दच केला नाही. सुचलंच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग माझेच दोन शब्द घेऊन, एकाला दुसरा जोडून, त्यांनी एक नवीन शब्द म्हटला आणि आत आले.

चपलांसह. मी सकाळीच फरशी पुसली होती. पाय कोणी कोणाचे धुवायचे हा प्रश्न तिथे संपला.

वत्सलाबाईंनी दोनदा विचारलं, शेवटचं काय म्हणाले हो? मी सांगितलं, त्याचं भाषांतर होत नाही. रिदाला कळलं असावं, तिने वर बघितलं नाही. कुंदनने फासा टाकला, किती पडले ते मी पाहिलं नाही. खिंड वाचली असं फरहान ओरडला.

तर हे असं आहे. चांगल्या घरात सुशिक्षित बायका एकमेकींचे मानपान काढतात, साठी उलटलेली माणसं होडीवाले होतात, आणि पोळ्या करपतात. ह्याला जबाबदार तुझा मुलगा. त्याला ताबडतोब घेऊन जा. आडतीच्या दुकानात बसव, चार वजनं बघेल, लिलाव ऐकेल. मी त्याची बॅग भरून ठेवते.

तुझ्या यजमानांना नमस्कार. मुलींना माया.

तुझी,
ताई

ता.क. १. बॅग भरलेली नाही. कुंदनला दिवाळीपर्यंत तरी हलवू नकोस. त्याचा क्लास अर्धा राहील, आणि लग्न पुढच्या पंधरवड्यात आहे. सूत्रधार नसेल तर लागणार कसं?

ता.क. २. वत्सलाबाईंनी सिन्नरहून आपली जाऊ बोलावली आहे, वरमायांच्या बाजूने बसायला. शिवाय त्यांच्या भिशीतल्या दोघी. मला बाजूला कोणीही नाही. तू ये. शनिवारी ये, एस.टी.ने नको, जीपने तर नकोच, कंबर जाईल, पॅसेंजर पकड. दुरांगीतले पहिले वीस शब्द सोबत लिहून पाठवते आहे, गाडीत पाठ कर. मोठ्याने कर, लाजू नकोस. आणि पाटावर आधी तूच बस. तुझे पाय कोणी धुतले नाहीत तर उठू नकोस.

ता.क. ३. वर लिहिलेला मत्सराचा मजकूर यजमानांना वाचून दाखवू नकोस. आज सकाळी जिन्यावर तुझे भाऊजी पुन्हा गायले. उपमा होता. मीठ बरोबर होतं असं गायले, पण वत्सलाबाईंकडे बघून.

ता.क. ४. रविवारी खेळात दोन्ही बाजूंनी जे दिलं-घेतलं त्याची नोंद तुझ्याजवळ असावी म्हणून लिहिते, म्हणजे लग्नात कोणी शब्द फिरवला तर तू साक्षीला आहेस. डोंगराकडून नदीला: मधाचे पोळे, खिंडीतून ये-जा करायची मोकळीक, आणि पंगतीत बोलायची परवानगी (गायची नाही). नदीकडून डोंगराला: सुकी मासळी, पुराची आगाऊ खबर, आणि होडीवाला एक, होडीसह. होडी त्याच संध्याकाळी परत केली. डोंगरावर ठेवायला जागा नाही असं कारण दिलं आहे. होडीवाला ठेवून घेतला.